त्र्याण्णव अंशांवरचा नाताळ

मस्कतच्या अझैबात हिवाळा प्रथम कानाला कळतो. एप्रिलपासून अखंड चाललेली एसीची घरघर नोव्हेंबर संपता संपता एका सकाळी आपण आपल्या हाताने बंद करतो, आणि घरात एकाएकी इतकी शांतता होते की शेजारच्या स्वयंपाकघरातले चमचे मोजता यावेत. खिडक्या उघडतात. पडद्यांना वारा लागतो. शेजारीपाजारी चटया आणि कोळशाच्या शेगड्या गाडीत घालून समुद्राकडे निघतात आणि जाता जाता म्हणतात, "काय हवा पडलीय!" हवा खरोखर सुंदर असते, हे मला मान्य आहे.

मी मात्र या शांततेत एक जुने काम करते. लेकीच्या खोलीच्या दाराशी उभी राहून तिचे श्वास मोजते. लीना आता सोळा वर्षांची आहे. भौतिकशास्त्राचे पुस्तक छातीवर पालथे ठेवून ती दुपारची डुलकी घेत असते. पुस्तक वर जाते, खाली येते. तिच्या छातीला गेल्या कित्येक वर्षांत काहीही झालेले नाही. तरीही मी घड्याळाकडे पाहत पूर्ण एक मिनिट मोजते. अर्धे मिनिट मोजून दुप्पट करणे मला पटत नाही. आजारी मुलाचा श्वास एकसारखा नसतो. त्याच्याबाबतीत घाई केली की उत्तर चुकते.

ही सवय जबल अख्दर डोंगरावरच्या एका हिवाळ्याने लावली.

ओमान म्हटले की आपल्याकडच्या माणसाच्या डोळ्यांसमोर वाळू येते, उंट येतो, घाम येतो. त्यात चूक काही नाही. फक्त ते चित्र अपुरे आहे. त्याच देशात समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटर उंचीवर एक पठार आहे. तिथे पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांत डाळिंब आणि अक्रोड पिकतात, आणि डिसेंबरात अंगणात राहिलेल्या पाण्याच्या भांड्यावर सकाळी काचेसारखा पापुद्रा धरलेला असतो. पायथ्याच्या चौकीवर परवाना दाखवून आम्ही वर चढलो तेव्हा वाटेत दोन गाड्या झाकणे उघडून वाफा सोडत उभ्या होत्या. मी ते पाहिले आणि गाड्या जुन्या असतील असे समजून विसरले. शिक्षकाने पाहिलेले विसरू नये. त्याची किंमत पुढे द्यावी लागली.

मनवेल, माझा नवरा, त्याआधी बारा वर्षे मस्कतमध्ये पाइपफिटर होता. मोठमोठ्या हॉटेलांत एसीसाठी गार पाणी फिरवणाऱ्या नळ्या बसवणे हे त्याचे काम, आणि वादी अदाईत सहाजणांच्या खोलीतली एक खाट हे त्याचे घर. मी वसईला शाळेत विज्ञान शिकवीत होते. लीनाला त्याने बाप्तिस्म्याच्या वेळी रजेवर येऊन पाहिले, त्यानंतर फोटोंतून. मग त्याला डोंगरावरच्या वस्तीत पंप आणि जनरेटर सांभाळण्याचे काम मिळाले; त्या कामाबरोबर दोन खोल्यांचे घर आणि कुटुंबाचा व्हिसा. मी आठ वर्षांची नोकरी सोडली. तीन वर्षांची लीना विमानतळावर त्याच्याकडे टक लावून बघत राहिली आणि म्हणाली, "काका, तुमची गाडी कुठे आहे?"

मनवेल हसला. उत्तर म्हणून तिची पिशवी उचलली.

पुढे तीन महिने ती त्याला काकाच म्हणत राहिली. मी सुधारायला गेले तर तोच मला थांबवी. "राहू दे, टीचर. पाठ करून घेतलेलं नको मला."

घर सिमेंटच्या विटांचे होते, उन्हाळ्यात वर येणाऱ्या माणसांसाठी बांधलेले. खिडक्या वारा घेण्यासाठी, सगळ्या उत्तरेला. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात लीनाची छाती वाजू लागली. विजेचा हीटर लावला की जनरेटरचा भार वाढून आमच्या अख्ख्या ओळीतले दिवे जात. कोळशाची शेगडी सगळेच वापरत. आमच्याकडे ती पेटली की पंधरा मिनिटांत लीनाच्या बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाऊ लागे. दवाखान्यात सुदानच्या एक डॉक्टर होत्या. उंच, शांत, मोजके बोलणाऱ्या. त्यांनी मला श्वास मोजायला शिकवले.

"ऊब हवी, धूर नको," त्या म्हणाल्या. "मिनिटाला चाळीसच्या वर श्वास जात राहिले, तर नाताळानंतर मी हिला इथे ठेवू देणार नाही."

खाली मस्कतला आम्हाला घर नव्हते. म्हणजे मी आणि लीना वसईला, मनवेल डोंगरावर. एकदा सोडलेला कुटुंबाचा व्हिसा पुन्हा मिळेल याची खात्री कंपनीतला कोणी देईना. "इन्शाल्ला" म्हणत. तो शब्द कोणत्या सुरात उच्चारला की होकार आणि कोणत्या सुरात नकार, एवढे मला तोवर कळू लागले होते.

मी एका वहीत दोन रकाने आखले. एकात खोलीचे तापमान, दुसऱ्यात लीनाचे श्वास. अकरा अंश, अडतीस. नऊ अंश, त्रेचाळीस. साडेआठ अंश, शेहेचाळीस. अशी वही ज्याने ठेवली आहे त्यालाच कळेल की आकडा लिहिण्याआधी पेन्सिल किती जड होते.

त्या वहीवर चहाचा पेला ठेवून मनवेल एका संध्याकाळी म्हणाला, "बारा वर्षं भिंतींतून गार पाणी फिरवलं. गरमही फिरेल की. नळीला काय कळतं आत काय आहे ते?"

"नळीला नाही कळत," मी म्हटले. "पाण्याला कळतं."

शाळेत मी दरवर्षी एक प्रयोग करून दाखवी. चंचुपात्रात पाणी घेऊन तळाशी पोटॅशियम परमँगनेटचा एक जांभळा खडा सोडायचा आणि बरोबर त्याच्याखाली मंद ज्योत धरायची. खड्यातून एक जांभळा धागा निघतो, सरळ वर चढतो, पृष्ठभागावर पसरतो आणि कडेने खाली उतरतो. कोणी ढवळत नाही. तापलेले पाणी हलके होऊन वर जाते, गार झालेले जड होऊन खाली येते. मुले 'आऽऽ' करीत. आमच्या घराला पंप चालणार नव्हता, कारण तेवढी वीज नव्हती. तेव्हा हा जांभळा धागाच आमचा पंप. घराच्या खालच्या पायरीवर, अंगणाबाहेर, भट्टी. धूर तिथेच राहील. भट्टीवर पाण्याचे बंद पिंप. पिंपाच्या माथ्यातून गरम पाण्याची नळी वर घरात. घरात खोलीला ऊब देऊन गार झालेले पाणी दुसऱ्या नळीने पिंपाच्या तळाशी परत. आणि तापून फुगणाऱ्या पाण्याला जागा हवी म्हणून छतावर एक छोटी टाकी आणि तिच्यावर आकाशाकडे उघडी असलेली एक नळी.

मनवेलचा जुना खोलीभाऊ उस्मानभाई रत्नागिरीकडचा. मस्कतच्या हमरियात त्याचे वेल्डिंगचे दुकान होते. डिसेंबरच्या पहिल्या शुक्रवारी तो पिकअपमध्ये पिंप आणि त्याने जाड नळ्या एकावर एक जोडून केलेल्या दोन शिड्या घेऊन वर आला. खोल्यांत ऊब सोडायची ती या नळ्यांच्या शिड्यांनी. उतरताच त्याने दोन्ही हात काखेत घातले.

"टीचरबाय, वीस वर्सां झाली ओमानात. लोकांना गारवा करून दिला. गर्मी मागणारी तुमीच पयली!"

"पैसे गारव्याचेच घे," मनवेल म्हणाला.

"पोरीच्या कामाचे पैसे घेतलंय तर माजी आय कबरीतून उठंल. यल्ला, नळ्या धर."

मी त्या दिवशी दवाखान्यातून परतले तेव्हा दोघांनी मोठी शिडी भिंतीवर चढवली होती. छताला चिकटून, जिथे हॉटेलात एसी असतो तिथे. काम देखणे होते. चार खिळे, चारही एका रेषेत. दोघे खाली उभे राहून मान वर करून कौतुकाने पाहत होते.

"हे काय?" मी विचारले.

"शिडी."

"वर कशाला?"

"मग कुठे?" मनवेलने खरोखर न कळून विचारले. "बारा वर्षं वरच लावत आलोय."

"बारा वर्षं थंडी वाहिलीस, मनवेल. थंड हवा वरून खाली उतरते, म्हणून वर लावायचं. ऊब आपणहून वर जाते. तिला जमिनीपाशी सोडावी लागते, नाहीतर छतावरची पाल तेवढी उबेत झोपेल आणि लीना खाली कुडकुडेल."

उस्मानभाईने वर पाहिले, खाली पाहिले, आणि कपाळावर हात मारला. "अरे खुदा. आपुन दोघे उलटे शिकलो रे!"

त्यांनी शिडी उतरवली. भिंतीतली ती चार भोके मी पुढे कधीच बुजवू दिली नाहीत.

खरा वाद मात्र छतावरच्या उघड्या नळीवरून झाला. मनवेलने तिच्यावर व्हॉल्व बसवला होता. पितळी, लाल चाकाचा, नवा. "व्हॉल्व नसलेली लाइन म्हणजे दार नसलेलं घर," तो म्हणाला. फिटर माणसाला नळीचे तोंड उघडे सोडणे अंगावर कापड नसल्यासारखे वाटते. मी म्हटले, बंद भांड्यात पाणी उकळले तर ते भांडे राहत नाही, बॉम्ब होतो. तो म्हणाला, उकळणार कशाला, तू बसली आहेस ना थर्मामीटर घेऊन. मी म्हटले, काढ. तो म्हणाला, उद्या. तीन दिवस तो 'उद्या' म्हणत राहिला. नाताळ पाच दिवसांवर आला होता, वहीत चव्वेचाळीसच्या खाली आकडा उतरत नव्हता, आणि कंपनीच्या माणसाने माझा आणि लीनाचा पासपोर्ट 'तयारी म्हणून' मागून ठेवला होता.

भट्टी पेटवण्याचा दिवस ठरला. सकाळी मनवेलला पंपावर जावे लागले. पंपघर आमच्याखाली, चालत वीस मिनिटांवर. उस्मानभाई परत गेला होता. आग हळूहळू वाढवायची एवढेच काम असल्याने मी ती एकटीने पेटवायची असे ठरले. शेजारच्या उम्म सालिम, म्हणजे सालिमची आई, डाळिंबाच्या छाटलेल्या वाळक्या फांद्यांचा भारा देऊन गेल्या होत्या. शाळेतून निघताना माझ्या मुलांनी भेट दिलेला काचेचा थर्मामीटर मी पिंपाच्या खोबणीत बसवला. नियम मी स्वतः घातला होता: पंच्याण्णवच्या वर जाऊ द्यायचे नाही. पाणी शंभर अंशांना उकळते. पाच अंश हाताशी राखलेले. हे वाक्य आठ वर्षे, दर जूनमध्ये, साठ मुलांकडून मी एका सुरात म्हणवून घेतले होते.

साठ अंशांना घरातली शिडी कोमट लागली. मी वर धावत जाऊन तिला हात लावून आले. सत्तरला खोलीत वेगळा वास आला: तापलेल्या रंगाचा, कोरड्या सिमेंटचा. लीना शिडीशेजारच्या गादीवर झोपली होती. मोजले: एकेचाळीस. कित्येक दिवसांत प्रथमच एवढे खाली. मला लोभ सुटला. मी फांद्या वाढवल्या. पंच्याऐंशी. नव्वद. अजून पाच अंश आहेत, असे मी मनाशी म्हणत होते. एक्क्याण्णव. ब्याण्णव.

त्र्याण्णवाला पिंपावर आतून कोणीतरी हातोडा मारला.

मग दुसरा. मग सलग. पिंप आतून गुरगुरू लागले, नळ्या उड्या मारू लागल्या, आणि तो आवाज भट्टीपासून घराकडे चालत गेला, बरोबर लीनाच्या गादीपर्यंत. थर्मामीटर त्र्याण्णववरच उभा होता. पाणी उकळत होते आणि माझ्या विज्ञानानुसार ते उकळूच शकत नव्हते. क्षणभर मी त्या पाऱ्याकडे पाहत उभी राहिले. त्या क्षणाची मला आजही लाज वाटते; मुलगी आत असताना मी आकड्याशी वाद घालत होते.

आत धावले. लीना उठून बसली होती, रडत नव्हती, श्वास घ्यायलाच तिला वेळ पुरत नव्हता. तिला घोंगडीत गुंडाळले आणि दारात थबकले. बाहेर सहा अंश आणि वारा, आत हातोडे. कुठल्या बाजूला पाऊल टाकावे? तेवढ्यात आवाज ऐकून उम्म सालिम अंगणात आल्या. त्यांनी माझ्या हातातून मूल घेतले, आपल्या जाड शालीत छातीशी धरले आणि म्हणाल्या, "हाती, हाती. रूही इंती." दे इकडे, तू जा.

मी भट्टीशी गेले. फावड्याने जळत्या फांद्या बाहेर ओढल्या, दगडांवर पसरल्या, त्यांच्यावर माती टाकली. गुरगुर थांबेना. पोलादात साठलेली उष्णता एका क्षणात जात नाही, हेही मी शिकवलेलेच. आणि मग, सगळ्यात शेवटी, सगळ्यात आधी आठवायला हवे होते ते आठवले: छतावरचा व्हॉल्व. तो उघडा आहे की बंद? चाक कोणत्या बाजूला फिरवून ठेवले होते? 'उद्या.' लाकडी, साधी शिडी भिंतीला लावून मी चढले.

वर पोहोचले. टाकीवर वाफेचा खांब उभा होता. उघड्या नळीतून उकळते पाणी धापा टाकत बाहेर येत होते, छतावर पसरत होते, कडेने खाली ठिबकत होते. व्हॉल्व नळीवर नव्हताच. ज्या जागी तो होता तिथे सुतळी गुंडाळलेली ताजी जोडणी होती. आणि कठड्यावर, नीट पुसून, लाल चाक वर करून, तो पितळी व्हॉल्व ठेवला होता.

मी तिथेच, त्याच्या शेजारी, कठड्यावर बसले.

वाफ खालून दिसली म्हणून मनवेल वीस मिनिटांची चढण धावत आला. आधी त्याने उम्म सालिमच्या शालीत डोकावून पाहिले, मग मला.

"कधी काढलास?" मी विचारले.

"सकाळी. निघता निघता."

"पटलं तुला?"

"पटलं नाही," तो धापा टाकत म्हणाला. "पण तू संध्याकाळी पुन्हा विचारणार, मी पुन्हा उद्या म्हणणार. कंटाळा आला."

थर्मामीटर फुटका असला पाहिजे, असे मी म्हणत राहिले. मनवेलने तो हातात घेऊन उलटसुलट पाहिला. "टीचर, तीन महिने तू डाळीला शिव्या घालतेस. शिजत नाही म्हणून. वाणी जुनी डाळ देतो म्हणून."

"त्याचं काय?"

"आणि चढणीवर गाड्या उकळतात. नव्यासुद्धा. मी म्हणतो, इथं पाणी लवकरच उकळत असेल."

उंचीवर हवा विरळ असते, तिचा दाब कमी असतो, म्हणून पाणी कमी तापमानाला उकळते. हेसुद्धा पुस्तकात होते; चार पाने पुढे, वेगळ्या धड्यात. परीक्षेला कधी आले नाही म्हणून मी त्याच्यावरून घाईने जात असे. 'पाणी शंभर अंशांना उकळते' या वाक्यापुढे 'समुद्रसपाटीला' हा एक शब्द मी आठ वर्षे गाळला होता. वसईत कुणाला तो कमी वाटला नसता. आमची शाळा तर समुद्रालाच लागून होती.

वहीच्या वरच्या कोपऱ्यात मी नवा नियम लिहिला: पंच्याहत्तर. त्याच्यावर नाही. आणि दुसऱ्या दिवशी, टाकी पुन्हा भरून, मनवेल शेजारी बसला असताना, आम्ही भट्टी पुन्हा पेटवली. तासभर प्रत्येक कुरकुरीला दोघांची मान एकदम वळे. पाणी मुकाट्याने फिरत राहिले.

नाताळच्या आदल्या दुपारी मी फुग्यांचे, म्हणजे तळून फुगणाऱ्या गोळ्यांचे, पीठ भिजवले. आमच्या वसईत फुग्यांवाचून नाताळ होत नाही. त्या घरात आधी दोनदा ते पीठ थंडीने तसेच्या तसे बसून राहिले होते, मातीच्या गोळ्यासारखे. या वेळी मी पातेले फडक्याने झाकून नळ्यांच्या शिडीपाशी ठेवले. दोन तासांनी फडके वर उचलले गेले होते. अठरा अंश. मला त्या फडक्याकडे पाहून आधी हसू आले, मग मी पदर तोंडाशी धरून स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. पण लीनाचे श्वास अजून मोजायचे होते. डॉक्टर दुसऱ्या दिवशी सकाळी घरी येणार होत्या, आणि पासपोर्ट अजून कंपनीच्या माणसाकडेच होते.

नाताळच्या सकाळी त्या आल्या. नळ्यांच्या शिडीकडे बराच वेळ पाहिले, हात लावला. झोपलेल्या लीनाच्या शेजारी गुडघ्यांवर बसून त्यांनी घड्याळ काढले. मी माझे काढले. दोघींनी एकाच वेळी मोजायला सुरुवात केली. पूर्ण मिनिट. त्या मिनिटाएवढे लांब दुसरे काही मी आयुष्यात अनुभवलेले नाही.

"एकतीस," त्या म्हणाल्या.

माझे तीस आले होते. मी तसे सांगितले. त्या प्रथमच हसल्या. "मग तुमचंच धरू या."

बाहेर अंगणात मनवेल फांद्या फोडत होता. बातमी ऐकायला तो कुऱ्हाड हातात घेऊनच आत आला आणि दार उघडे ठेवून उंबऱ्यातच उभा राहिला. वाऱ्याचा एक झोत खोलीत शिरला. लीनाने डोळे उघडले. उबेची सवय तिला चारच दिवसांत लागली होती. तिचे कपाळ आठ्यांनी भरले.

"पप्पा, दार लाव ना. थंडी येते."

 मनवेलने कुऱ्हाड खाली ठेवली, वळला आणि दार लावले. मग पुन्हा एकदा दाबून पाहिले, नीट लागले का. बराच वेळ तो पाठमोराच उभा होता.

पासपोर्ट आठवड्याभरात परत आले. ती वही अजून माझ्याकडे आहे. त्या दिवसाच्या तीस या आकड्यानंतर तिच्यात काही लिहिलेले नाही.

आज अझैबात लीना टेबलाशी बसून उजळणी करते आहे. तिचे मराठी अडखळते, इंग्रजीतून वाचता वाचता ती मला विचारते, "मम्मा, शंभर डिग्री लिहिलं तर चालेल?" मी म्हणते, "कुठे उकळवतेस त्यावर आहे." ती डोळे फिरवते आणि कंसात काहीतरी जोडते.

एवढ्यात मनवेल बाजारातून पिशव्या घेऊन येतो आणि दार सताड उघडे टाकून बूट काढत बसतो. बाहेर चोवीस अंश आहेत; समुद्रावरून येणारी हवा घरात फिरते, आणि ती सगळ्यांना हवीशी आहे.

"पप्पा, दार," पुस्तकातून मान वर न करता लीना म्हणते.

तो उठतो, दार लावतो, आणि एकदा दाबून पाहतो.